बिबा उततो, मग गोडंबी खातात कशी?

आजरा-चंदगडचा काजू सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो पाहुणा. 16व्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. त्याच कुळातला इथला मूळचा रहिवासी म्हणजे बिबा. कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, पानझडी जंगलात हे झाड आढळतं. हिवाळ्यात त्याची फळं पिकतात आणि रानमेव्याच्या हौशी मंडळींचे हात तिकडे वळतात. इथंच सांभाळायला हवं.

बिब्याचं फळ काजूसारखंच दिसतं. वर केशरी, मांसल देठ आणि टोकाला काळं, चकचकीत बी. या बीच्या टरफलात दाट तेल असतं. हवा लागली की ते काळं पडतं आणि धुतलं तरी जात नाही, म्हणून परीट कपड्यांवर त्याच्या खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या अंगावर पुरळ उठायचं, ते या खुणांमुळे!

हेच तेल कातडीला लागलं की बिबा 'उततो'. कधी लगेच आग होते, कधी एक-दोन दिवसांनी खाज, सूज आणि पाण्याचे फोड येतात. त्यामुळे बी दातांनी फोडणं म्हणजे तोंड भाजून घेणंच.

टरफलाच्या आतला पांढरा गर म्हणजे गोडंबी. डिंकाच्या लाडवात पडते तीच. मराठवाडा-विदर्भात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायका हाताला राख किंवा चुना लावतात, तरी त्यांचे हात भाजतातच. लाडवाची किंमत करताना हे सहसा कुणी मोजत नाही.

उत्तर ऑस्ट्रेलियातही बिब्याचा सख्खा भाऊ शोभेल असं एक झाड आहे. त्याचा चीकही असाच पोळतो आणि तिथले मूळ रहिवासी त्याच्या बिया भाजून खात आले आहेत. मात्र व्हिडिओ बघून घरच्या गॅसवर बिबे भाजू नयेत. त्यांचा धूरही डोळ्यांना आणि श्वासाला त्रास देतो.

तेल लागलंच तर लगेच साबण-पाण्याने धुवावं, डोळ्यांना हात लावू नये. फोड आले किंवा चेहरा सुजला तर डॉक्टर गाठावा. राधानगरी अभयारण्यात तर फळं तोडायचीच नाहीत, तिथं कायदा आडवा येतो. खायचीच असेल तर सोललेली गोडंबी सुक्या मेव्याच्या दुकानात मिळते. घेताना काळे डाग पडलेली बाजूला काढावी आणि काजूची ॲलर्जी असेल त्यांनी तिच्या वाटेला जाऊच नये.