गच्चीवरचे चेरी टोमॅटो एकदम पिकलेत? कोणतं फळ कशासाठी वापरायचं, समजून घ्या

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कुंडीत लावलेलं चेरी टोमॅटोचं रोप डिसेंबर-जानेवारीत फळं द्यायला लागतं. सुरुवातीला रोज चार-सहा टोमॅटो मिळतात आणि ते येता-जाता तोंडात टाकूनच संपतात. फेब्रुवारीत ऊन वाढलं की मात्र वाटीची टोपली होते. शेजाऱ्यांना वाटूनही टोमॅटो उरतात आणि त्यातले काही ओट्यावरच सडतात.

छत्रपती संभाजीनगरमध्ये ही नासाडी जास्त खटकते. शहराला जायकवाडी धरणातून पाणी मिळतं आणि अनेक वसाहतींमध्ये वर्षानुवर्षं नळाला काही दिवसांच्या अंतरानेच पाणी येतं. म्हणजे गच्चीवरचं झाड ड्रममध्ये साठवलेल्या पाण्यावर जगलेलं असतं. मग त्याचं एकही फळ वाया न घालवता वापरायचं कसं?

चेरी टोमॅटो वेगळा का?

हा नेहमीच्या टोमॅटोच्याच जातकुळीतला आहे. एक फळ साधारण १० ते २० ग्रॅमचं भरतं. आकार लहान असल्यामुळे गराच्या मानाने साल आणि बिया जास्त असतात. गोडवाही बहुतेक वेळा जास्त असतो.

म्हणून भाजीच्या ग्रेव्हीसाठी तो कच्चाच मिक्सरमधून काढला, तर सालीचे तुकडे दाताखाली येतात. अख्खा, अर्धा चिरून किंवा भाजून वापरला तर चव जास्त खुलते.

तडकलेली फळं सगळ्यात आधी

झाड तीन-चार दिवस तहानलेलं ठेवून पाणी आलं की कुंडी तुडुंब भरायची, असं अनेक घरांत होतं. मुळं एकदम पाणी ओढतात, आतला गर फुगतो, पण पिकत आलेली साल तेवढी ताणली जात नाही. मग फळ तडकतं.

यावर उपाय एकच, साठवलेलं पाणी रोज थोडं थोडं द्यायचं. कुंडीतल्या मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा उसाच्या पाचटाचा थर दिला तर ओल टिकते.

तडकलेलं फळ ताजं असेल तर त्याच दिवशी शिजवा. बुरशी आली असेल, आंबूस वास येत असेल किंवा अळी दिसत असेल तर सरळ फेकून द्या.

सगळं झाडावरच लाल व्हायला हवं का?

नाही. हिरव्या फळावर गुलाबी-नारिंगी छटा दिसायला लागली की ते तोडून घरात ठेवलं तरी पिकतं. त्याला ऊन लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये असं आधी तोडणं फायद्याचं, कारण बुलबुल आणि इतर पक्ष्यांपासून फळ वाचतं. शिवाय तापमान ३० अंशांच्या वर राहिलं तर लाल रंग देणारं लायकोपीन नीट तयार होत नाही, फळ पिवळट-नारिंगी राहतं.

अर्धकच्चे टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नका. साधारण १२ अंशांखाली त्यांचं पिकणं अडतं आणि चव जाते. पूर्ण पिकलेले मात्र काही दिवस फ्रिजमध्ये चालतात. खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवा.

टणक आणि लाल फळं: ताजीच खा

कोशिंबिरीसाठी टोमॅटो अर्धे चिरा. त्यात शेंगदाण्याचं कूट, कोथिंबीर, थोडं दही घाला आणि वरून जिरे-हिरव्या मिरचीची फोडणी द्या. मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर पाणी सुटतं.

घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर अख्खा टोमॅटो त्याच्या हातात देऊ नका. गोल आणि गुळगुळीत असल्यामुळे तो घशात अडकू शकतो. उभे चार तुकडे करून द्या.

मऊ पडलेली फळं: तव्यावर

पाव किलो टोमॅटो म्हणजे साधारण १५ ते २० फळं. तव्यावर थोड्या तेलात चार-पाच लसणाच्या पाकळ्या, दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि मूठभर शेंगदाणे परतून बाजूला काढा. त्याच तव्यावर टोमॅटो टाका. आधी प्रत्येकाला सुरीचं टोक लावा, नाहीतर गरम तेलात ते फुटून अंगावर उडतात. साल काळपट झाली की सगळं खलबत्त्यात मीठ-जिऱ्यासोबत जाडसर कुटा. ज्वारीच्या गरम भाकरीसोबत दुसरं काही लागत नाही.

सार करायचं असेल तर टोमॅटो उकडून, घोटून गाळून घ्या. साल आणि बिया गाळणीत राहतात. चेरी टोमॅटो मुळात गोड असल्यामुळे गूळ नेहमीपेक्षा कमी घाला. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र टोमॅटो शिजवू नका. आंबटपणामुळे धातू पदार्थात उतरतो.

टोपलीभर उरलेत? फ्रीझर

टोमॅटो धुऊन पूर्ण कोरडे करा. ताटात सुटे पसरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कडक झाले की पिशवीत भरा. सहा महिने आरामात टिकतात. गोठलेलं फळ नळाखाली धरलं की साल हाताने निघते, म्हणजे ग्रेव्हीची अडचणही सुटते. मात्र वितळल्यावर फळ लिबलिबीत होतं, त्यामुळे ते फक्त शिजवण्यासाठी वापरा.

वाळवण: मराठवाड्याच्या उन्हाचा उपयोग

कुरडया-पापडांच्या दिवसांतलं कोरडं ऊन टोमॅटोलाही चालतं. फळं अर्धी चिरा, कापलेली बाजू वर ठेवा, किंचित मीठ भुरभुरा आणि वरून मलमलचं कापड बांधा. संध्याकाळी ताट घरात आणा. तीन-चार कडक उन्हांत फोडी चामड्यासारख्या होतात. दाबल्यावर ओल लागली तर आणखी वाळवा. टोमॅटोत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं, त्यामुळे किलोभर टोमॅटोतून जेमतेम एक छोटी वाटी उरते. आमटीत, पिठल्यात चार फोडी पुरतात.

शेतमाल वाळवून टिकवण्याची हीच कल्पना मोठ्या प्रमाणावरही वापरली जाते. संभाजीनगर परिसरातल्या महिला शेतकऱ्यांसोबत सौर वाळवणी यंत्रांवर काम करणाऱ्या एसफोरएस टेक्नॉलॉजीज या कंपनीला २०२३ मध्ये, कचरामुक्त जगासाठीच्या गटात, अर्थशॉट पुरस्कार मिळाला.

तेलातली बरणी: इथे सावध राहा

रील्समध्ये टोमॅटो आणि लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवलेली दिसते. हे धोक्याचं आहे. तेलाखाली हवा पोहोचत नाही. हवा नाही, ओल आहे आणि आंबटपणा कमी, अशा जागी क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो. ते अन्नाच्या वासावरून किंवा चवीवरून कळेलच असं नाही.

हा जिवाणू वाढू नये म्हणून पदार्थाचा सामू, म्हणजे पीएच, ४.६ किंवा त्याहून कमी लागतो. टोमॅटो या सीमारेषेजवळ असतो आणि लसूण तर तिच्या बराच वर. म्हणून असं मिश्रण फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा. वाळवलेल्या फोडी तेलाशिवाय, कोरड्या हवाबंद बरणीत ठेवा.

शेवटची हिरवी फळं आणि बी

दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या पुढे गेलं की फुलं गळतात, नवीन फळ धरत नाही. एप्रिलमध्ये झाड काढताना उरलेल्या हिरव्या फळांची तीळ, शेंगदाणे आणि थोडा गूळ घालून चटणी करा. पानं मात्र खाऊ नका.

रोप देशी किंवा सरळ वाणाचं असेल तर सगळ्यात चांगल्या फळाचं बी राखा. गरासकट बिया पाण्यात दोन-तीन दिवस आंबवा, चोळून धुवा आणि सावलीत वाळवा. संकरित वाणाच्या बियांपासून मात्र तसंच फळ येईल याची खात्री नसते. पाकिटावर वाणाचं नाव आणि वर्ष लिहून ते कोरड्या जागी ठेवा. पुढच्या सप्टेंबरमध्ये नवं बियाणं विकत घ्यावं लागणार नाही.