पत्री (बैलाची नाल)

पत्री म्हणजे ओढकामाच्या बैलाच्या खुराखाली खिळ्यांनी ठोकून बसवलेली लोखंडी पट्टी होय. खडकाळ, मुरमाड किंवा डांबरी रस्त्यावर खुराची झीज थांबवणे आणि ओझे ओढताना पायाला पकड मिळवून देणे हे तिचे कार्य आहे. पत्री बसवण्यास ‘पत्री मारणे’ किंवा ‘नालबंदी’ म्हणतात आणि हे काम करणाऱ्या कारागिरास ‘नालबंद’ म्हणतात. पत्री कायमची नसते. ठरावीक काळाने ती काढून खूर साफ करावा लागतो आणि त्याच वेळी जुनी पत्री पुन्हा वापरायची की नवी बसवायची, याचा निर्णय घ्यावा लागतो.

शब्द

‘नाल’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मराठेशाहीत मोहिमेपूर्वी शिलेदारांना दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेलाही ‘नालबंदी’ म्हणत. बैलाच्या नालेला ‘पत्री’ हे नाव तिच्या पत्र्यासारख्या सपाट आकारावरून रूढ झाले आहे.

रचना

घोड्याचा खूर अखंड असतो, म्हणून त्याची नाल अर्धवर्तुळाकार असते. बैलाचा खूर दुभंगलेला असून चालताना त्याचे दोन्ही भाग स्वतंत्रपणे हलतात. त्यामुळे प्रत्येक भागास वेगळी पत्री लागते. चारही पायांना पत्र्या मारल्यास एका बैलास आठ आणि बैलजोडीस सोळा पत्र्या लागतात. शरीराचा अधिक भार पुढच्या पायांवर येतो. म्हणून दोनच पायांना पत्र्या मारायच्या असल्यास पुढचे पाय निवडणे योग्य ठरते.

खुराचे बाह्य कवच केराटिन या द्रव्याचे असते. त्यात मज्जातंतू नसल्यामुळे तेथे खिळा गेला तरी वेदना होत नाही. मात्र बैलाचे हे कवच घोड्याच्या कवचापेक्षा पातळ असते. त्यामुळे बारीक खिळे वापरून ते केवळ बाहेरच्या कडेला मारावे लागतात.

पद्धत

बैलाला तीन पायांवर फार वेळ तोल सांभाळता येत नाही. म्हणून भारतात सामान्यतः त्याला दोराने मऊ जमिनीवर आडवे पाडतात आणि पाय एकत्र बांधतात. युरोपात यासाठी लाकडी चौकट व पट्टे वापरून बैलास आधार देण्याची रीत होती. नालबंद प्रथम जुने खिळे व पत्री काढतो, वाढलेला खूर छाटून तळ सपाट करतो आणि खुराच्या मापाप्रमाणे पत्री ठोकून बसवतो. खिळा आतून बाहेर तिरका मारतात. कवचाबाहेर आलेले त्याचे टोक तोडून वळवतात व कानशीने घासून गुळगुळीत करतात.

बदलण्याची वेळ

गुरांचा खूर महिन्याला साधारण 5 मिलिमीटर वाढतो. पत्रीमुळे त्याची नैसर्गिक झीज थांबते. परिणामी पत्री न झिजताही खूर लांबतो व पाय वाकडा पडू लागतो. म्हणून पत्री शाबूत दिसली तरी ती काढून खूर छाटणे आवश्यक असते. पत्री हलणे, चालताना खडखड आवाज येणे, खिळ्याची डोकी झिजून सपाट होणे, पत्रीची कड खुराच्या आत सरकणे आणि बैलाने पाय उचलून धरणे ही ती बदलण्याची लक्षणे आहेत.

पुनर्वापर

काढलेली पत्री तडा न गेलेली, सर्वत्र पुरेशी जाड आणि भोके न फाटलेली असेल, तर ठोकून सरळ केल्यावर ती पुन्हा वापरता येते. एका बाजूने अधिक झिजलेली पत्री मात्र वापरू नये; तिच्यामुळे पाय तिरका पडतो आणि सांध्यावर ताण येतो. खिळे नेहमी नवेच घ्यावे लागतात. एकदा वळवलेला खिळा सरळ केल्यास तो कमकुवत होतो व खुरात मोडू शकतो. शिवाय झिजलेल्या डोक्याचा खिळा पत्रीस घट्ट धरत नाही. नवा खिळा जुन्या भोकात सैल बसत असेल, तर कवचात दुसरी जागा शोधावी लागते.

थंड प्रदेशांत बर्फावरील पकडीसाठी घोड्याच्या नालेस अणकुचीदार खुंट्या जोडतात. बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाईल या वाहनाच्या रबरी पट्ट्यासही अशाच धातूच्या खुंट्या बसवता येतात. आधारास धरून राहणे आणि जमिनीवर पकड मिळवणे ही दोन्ही कामे या सर्व साधनांना करावी लागतात.

इजा व काळजी

खिळा कवच सोडून आतल्या जिवंत भागात गेल्यास बैल लंगडतो. जखमेत पू होऊ शकतो आणि धनुर्वाताचाही धोका असतो. अशा वेळी तो खिळा तत्काळ काढून पशुवैद्यकाकडून उपचार करून घ्यावेत. ऐन हंगामात एक बैल लंगडला तरी जोडीचे काम थांबते. त्यामुळे नालबंदाच्या कौशल्यावर शेतकऱ्याचे मोठे नुकसान टळणे अवलंबून असते.

मराठवाड्यातील वापर

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील पुसेगाव (सातारा जिल्ह्यातील पुसेगाव वेगळे) हा मराठवाड्याचा शेतीप्रधान भाग आहे. काळ्या, मऊ जमिनीत औत ओढताना खुराची झीज फारशी होत नाही. बैल गाडीला जुंपून मुरमाड वा डांबरी रस्त्यावर नेताना मात्र पत्रीची गरज भासते. पत्री किती दिवस टिकेल, हे म्हणूनच महिन्यांपेक्षा चाललेल्या रस्त्यावर ठरते. मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी जाणाऱ्या मजुरांच्या बैलांना हंगामभर उसाने भरलेल्या गाड्या डांबरी रस्त्यावरून ओढाव्या लागतात. त्यांच्यासाठी वेळेवर पत्री बदलणे अत्यावश्यक असते.

कायदा व सद्यस्थिती

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 साली झाला. त्याखालील 1965 च्या नियमांनुसार गुरांना नाल मारण्याचा व्यवसाय करणाऱ्यास परवाना घेणे आवश्यक आहे. ट्रॅक्टरच्या प्रसारामुळे बैलांची गरज घटली असून त्याबरोबर नालबंदांचे कामही कमी झाले आहे. कारागीर वेळेवर न मिळाल्यास पत्री बदलणे लांबते आणि त्याचा त्रास बैलाला सोसावा लागतो. म्हणूनच पत्री व खूर यांची नियमित पाहणी करणे हे बैल पाळणाऱ्याचे महत्त्वाचे काम ठरते.