सासिन नेमका कोण?

आज एका चिमुकल्या पक्ष्याची आणि त्याच्या हातून निसटलेल्या नावाची गोष्ट. आधी एक सांगून टाकतो: आपल्याकडे जास्वंदीवर दिसतो तो शिंजीर. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात.

मार्च १७७८. कॅप्टन जेम्स कुकची दोन जहाजं आजच्या कॅनडातल्या नूटका खाडीत शिरली आणि जवळपास महिनाभर थांबली. तिथल्या नू-चा-नूल्थ लोकांचे शब्द टिपले गेले, त्यात हमिंगबर्डसाठी शब्द होता ‘सासिन’. या पक्ष्याचे नमुनेही लंडनला पोचले. १७८८ मध्ये ग्मेलिनने त्याला लॅटिन नाव दिलं ‘रूफस’, म्हणजे तांबूस. इथवर सगळं ठीक.

मग १८२९ मध्ये फ्रेंच अभ्यासक लेसनने ‘सासिन’ हा शब्द उचलला आणि लावला कॅलिफोर्नियातल्या एका पक्ष्याला! दिसायला तसाच, पण पाठ हिरवी. पुढे कित्येक वर्षं दोन्ही एकच समजले जात. चार्ल्स अ‍ॅलन या संग्राहकाला फरक जाणवला आणि १८७७ मध्ये हेनशॉने हिरव्या पाठीच्या पक्ष्याला अ‍ॅलनचं नाव दिलं. पण नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकतं, म्हणून लॅटिनमध्ये तो ‘सासिन’च राहिला. गंमत बघा, हा अ‍ॅलनचा हमिंगबर्ड नूटकाला घरटं करतच नाही. तिथल्या लोकांचा सासिन म्हणजे रूफस!

ओळखायचा कसा? रूफस नराची पाठ तांबूस, गळा नारिंगी-लाल झळाळणारा. पण काही रूफस नरांच्या पाठीवरही हिरवा रंग असतो, तेव्हा शेपूट बघावं लागतं. मधल्या जोडीशेजारच्या पिसाला टोकाजवळ खाच असेल, तर रूफस. अ‍ॅलनच्या सगळ्यात बाहेरच्या पिसाची जवळजवळ काडीच झालेली असते. माद्या मात्र लांबून वेगळ्या ओळखणं जवळपास अशक्य.

वजन जेमतेम ३-४ ग्रॅम, पण स्वभाव महाभांडखोर. फुलांच्या ताटव्यावर स्वतःहून मोठ्या पक्ष्यांनाही हा टिकू देत नाही. थंड रात्री शरीराचं तापमान उतरवून जणू बंदच पडतो, सकाळी पुन्हा चालू. हिवाळा मुख्यतः मेक्सिकोत. वसंतात पॅसिफिक किनाऱ्याने उत्तरेकडे, थेट अलास्कापर्यंत, आणि परतताना रॉकी पर्वतातली फुलं गाठत. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा.

जानेवारी २०१० मध्ये फ्लोरिडात एका रूफसच्या पायात कडं घातलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये तोच पक्षी अलास्कात पकडला गेला, सरळ रेषेत मोजलं तरी साडेपाच हजार किलोमीटरांवर.