टिळकांच्या कीर्तनाला चला

दौंडहून निघालेली गाडी तुम्हाला नगर स्टेशनवर उतरवते तेव्हा ऊन कलायला लागलेलं असतं. साल 1913. टांगेवाल्याला तुम्ही नुसतं ‘टिळकांकडे’ म्हणालात तर तो मागे वळून बघेल. पुण्याचे टिळक मंडालेच्या तुरुंगात आहेत, हे त्यालाही ठाऊक आहे. ‘ख्रिस्ती टिळक, कवी,’ एवढं सांगा. मग तो काही न बोलता घोडा हाकेल.

वाटेत माणसं दिसतील. वडाळ्याकडून, राहुरीकडून आलेली, कुणी बैलगाडीतून, बरीचशी पायीच. फडक्यात बांधलेली भाकरी, काखेत पोर. नगर जिल्ह्यातल्या या ख्रिस्ती मंडळींपैकी कितीतरी घरं महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून आलेली आहेत. त्यांच्यातले विशीतले तरुण नीट बघा. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे 1899-1900 साली, आईबाप गमावलेली आणि मिशनच्या आश्रयाला वाढलेली मुलं आता एवढी मोठी झाली आहेत. आपलं गाव, आपलं दैवत, आपली गाणी, सगळं या लोकांच्या मागे राहून गेलं. नवा देव मिळाला, त्याने माणूस म्हणून जवळ घेतलं, हे खरं. पण त्या देवाशी बोलायचं कोणत्या सुरात, हा प्रश्न कितीतरी वर्षं तसाच होता. उपासनेत विलायती चालींवर बसवलेली गीतं असत. शब्द मराठी, पण त्यांवर मान डोलत नसे. नगरच्याच कृष्णराव सांगळ्यांनी टिळकांच्या आधी कीर्तनाची वाट पाडली होती, हे विसरून चालणार नाही. टिळकांनी त्या वाटेचा हमरस्ता केला.

रात्री अंगणात सतरंज्या अंथरल्या जातात. तुम्ही मागे बसू नका, पुढे सरका. मृदंगाला कणीक लावून झाली आहे, पेटीवाला सूर धरून बसला आहे, टाळ घेतलेली चार पोरं एकमेकांना कोपरांनी ढोसताहेत. टिळक उभे राहतात. वय पन्नाशी ओलांडलेलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा हा कोकणस्थ ब्राह्मण. 1895 च्या 10 फेब्रुवारीला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि स्वतःच्या बायकोपासून, लक्ष्मीबाईंपासून, जवळजवळ पाच वर्षं तुटले. येशूकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असं ते मनापासून सांगत. त्या पुलावर त्यांनी पुढे आख्खी मंडळी आणली.

समजा, आज आख्यान बायबलमधल्या उधळ्या पुत्राचं आहे. पूर्वरंग संपतो, टिळक उपरणं सावरतात आणि गोष्ट सुरू होते. तुमच्या शेजारी एक म्हातारी बसली आहे. तिला अक्षर वाचता येत नाही. हातावर गोंदण, पायाला भेगा. पोरगा दूर देशी गेला तेव्हा ती पदर ओढून घेते. तो डुकरांपुढच्या शेंगांकडे भुकेने बघतो, तिथे तिचा श्वास अडकतो. भूक तिने पाहिली आहे. आणि बाप रस्त्यावर धावत सुटतो, म्हातारपणी, लोक बघताहेत याची पर्वा न करता, तेव्हा टिळक अभंग उचलतात आणि ती टाळकऱ्यांच्या आधी धरते. चाल तिच्या ओळखीची आहे. लहानपणी वाड्याबाहेर उभं राहून, देवळाच्या पायरीपासून दूर, तिने अशीच चाल ऐकली असणार. आज ती सतरंजीवर पहिल्या ओळीत बसली आहे आणि तिला कुणी ‘उठ’ म्हणणार नाही.

माझ्या मते टिळकांच्या सेवेचं मर्म इथे आहे, त्यांच्या प्रवचनात नाही. प्रवचन ऐकून माणूस घरी जातो. अभंग मात्र घरी सोबत येतो, जात्यावर बसतो, पोराला निजवतो, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढतो. ज्या मंडळीतल्या कितीतरी जणांना हातात पुस्तक धरण्याची सवय नव्हती, तिच्या पाळकाने शास्त्र गळ्यात उतरवलं. एवढ्या मोठ्या कवीने आपली प्रतिभा या माणसांसाठी खर्च केली. ‘केवढे हे क्रौर्य’ लिहिणारा कवी शहाण्यासुरत्यांच्या सभेत मिरवू शकला असता, आणि तो मानही त्यांना मिळत होताच. पण त्यांची उत्तम गाणी सतरंजीवर बसलेल्यांसाठी आहेत.

सकाळी त्यांच्या घरी जा. दार उघडंच असेल. या घरात पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे लगेच कळत नाही. बालकवी ठोमरे याच टिळकांच्या आश्रयाला राहून गेले. ते हिंदू होते, हिंदूच राहिले, आणि टिळकांच्या मायेत त्याने तसूभरही फरक पडला नाही. टिळक टेबलाशी बसून ‘ज्ञानोदय’ पत्राचा मजकूर बघताहेत, गेल्या सालापासून मराठी विभाग त्यांच्याकडे आहे. हाताखाली ‘ख्रिस्तायन’ या काव्याची पानं. कुणी दारात येऊन अडचण सांगितली की त्यांचा हात खिशात जातो, आणि महिना कसा भागवायचा हा घोर लक्ष्मीबाईंच्या पदरी पडतो.

स्वयंपाकघरात डोकवा. लक्ष्मीबाई चुलीपुढे आहेत. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा कोसळलेली ही बाई. नवऱ्याकडे परतली तीही सोवळं सांभाळत, वेगळी चूल आणि वेगळं पाणी घेऊन. टिळकांनी तिच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जात माणसाने केली, देवाने नाही, हे तिचं तिने विचार करून ठरवलं आणि 1900 साली बाप्तिस्मा घेतला. पुढे प्लेगात हीच बाई आजाऱ्यांच्या सेवेला उभी राहिली. आता तिच्या हातचा चहा घ्या. मंडळीला टिळकांचं कीर्तन पाठ झालं, पण जात सोडायची म्हणजे रोज सकाळी नेमकं काय करायचं, हे मंडळीने लक्ष्मीबाईंच्या ओट्यावर पाहिलं.

तुम्ही थोडे पुढे सरका. 1917. टिळकांनी मिशनचा पगार सोडला आहे. भगवी वस्त्रं घालून ते साताऱ्याला गेले आहेत आणि तिथे ‘देवाचा दरबार’ मांडला आहे. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूला गुरू मानणारे सगळे तिथे एका पंगतीत. ‘हे असं कसं चालेल?’ अशी कुजबुज तुमच्या कानावर येते. ऐकून घ्या, पण टिळकांची बाजूही ऐका. मंडळी साहेबाच्या बंगल्याकडे तोंड करून उभी राहिली तर ती या मातीतली कधी होणार? हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षं छळत होता. दुसऱ्याच्या पैशावर पोसलेला पाळक आपल्या माणसांना पायावर उभं राहायला कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून त्यांनी आधी स्वतःचा आधार काढून घेतला. दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. तरी मला त्या वयातलं ते धाडस त्यांच्या कोणत्याही कवितेइतकंच मोलाचं वाटतं.

आणखी एक पाऊल. 1919 चा मे महिना. 9 तारखेला मुंबईत टिळक गेले. नगरला बातमी पोहोचते तेव्हा तुम्ही त्याच अंगणात आहात. ‘ख्रिस्तायन’ अपुरं आहे. ते पुढे लक्ष्मीबाई पुरं करतील. जिला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, ती बाई ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहील. टिळकांची शंभराहून कितीतरी अधिक गीतं ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात राहतील आणि तुमच्या काळातही दर रविवारी मराठी मंडळ्यांतून गायली जातील. यातलं काहीच इथे अजून कुणाला माहीत नाही. सांगावं असं तुमच्या फार मनात येतं.

पण तोवर सतरंजी पडली आहे. आज आख्यान लावणारा कुणी नाही. मृदंगावर एक पोरगा बसतो, ठेका जरा घाईचा पडतो, बायकांमधून कुणीतरी अभंग काढते आणि अंगण भरतं. ज्यांनी वर्षानुवर्षं मागून म्हटलं, त्यांनी आज पुढून सुरू केलं आहे. टाळ घेतलेली एक बाई डोळे पुसत तुमच्याकडे बघते, शेजारची जागा हाताने झटकते.

“हुभं का ऱ्हायलात? बसा की. धुरपद धरा.”