रोहिणीची जखम आणि तिचा इतिहास

आमच्या कोल्हापुरांत गंगावेश किंवा मोतीबाग तालमीच्या दारांत घटकाभर उभें राहिलें, तर कान घट्ट व जाड झालेले जुने मल्ल दृष्टीस पडतात. मार बसून बसून कान दुखावतो, आणि जखम भरतांना तो जाड होतो. हृदयाच्या रोहिणींतहि असेंच कांहीं घडतें. कारण निराळें, परिणाम मात्र फार गंभीर.

१६ सप्टेंबर १९७७ रोजीं झुरिच येथें डॉ. आन्द्रेआस ग्रुंटझिग यांनीं हृदयाच्या अरुंद झालेल्या रोहिणींत बारीक नळी सरकविली, तिच्या टोकाचा फुगा फुगविला व वाट मोकळी केली. छाती न उघडतां हें साधलें. परंतु पुढें असें दिसूं लागलें कीं, सुमारें एकतृतीयांश रोग्यांची वाट कांहीं महिन्यांत पुन्हा आकसते. फुग्याच्या दाबानें रोहिणीचें अस्तर फाटतें. शरीर तें सांधावयास धांवतें. भिंतींतील स्नायुपेशी भराभर वाढून आंत सरकतात. दुरुस्तीस आलेल्या गवंड्यानें दारच लिंपून टाकावें, तसा हा प्रकार!

१९८६ सालीं तुलूझ येथें डॉ. झाक प्युएल यांनीं व लोझान येथें डॉ. उलरिक सिगवर्ट यांनीं धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसविली. रोहिणी मिटणें थांबलें. पण जाळीच्या छिद्रांतून पेशी वाढतच राहिल्या.

उपाय सांपडला तो मातींत. १९६४-६५ सालीं कॅनडाच्या एका पथकानें पॅसिफिक महासागरांतील रापा नुई बेटावरून मातीचे नमुने आणले. त्यांतील एका जीवाणूपासून माँट्रियल येथील एअर्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत डॉ. सुरेन सहगल व त्यांचे सहकारी यांनीं एक द्रव्य वेगळें केलें. बेटाच्या नांवावरून त्यास रापामायसिन म्हणतात. (त्या बेटाच्या रहिवाशांचें ऋण मात्र फारसें कोणी मानलें नाहीं.) बुरशीवरील औषध म्हणून तें शोधलें, पण त्यानें प्रतिकारशक्ति मंदावते असें आढळलें आणि काम मागें पडलें. पुढें ती प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हां सहगलांनीं त्या जीवाणूच्या कुप्या घरीं नेऊन शीतपेटींत जपल्या. अविभक्त पंजाबांतील खुशाबच्या या माणसाचा चिवटपणा मला या साऱ्या हकीकतींत सर्वांत मोलाचा वाटतो.

हें द्रव्य पेशींची वाढ रोखतें. १९९९ च्या डिसेंबरांत ब्राझीलमध्यें साओ पाउलो येथें डॉ. एदुआर्दो सौझा यांनीं त्याचा लेप दिलेला स्टेंट बसविला. लेपांतून औषध हळूहळू झिरपतें आणि भिंत जाड होण्याचा काळ टळतो. वाट पुन्हा आकसण्याचें प्रमाण शेंकडा दहाच्या खालीं आलें. सहगल २००३ सालीं वारले. त्याच वर्षीं अमेरिकेनें या स्टेंटला मान्यता दिली.

एक उणेपण राहिलें. औषधानें चांगलें अस्तरहि सावकाश येतें, म्हणून उघड्या जाळीवर रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. यास्तव रक्त गोठूं न देणाऱ्या गोळ्या पुष्कळ महिने घ्याव्या लागतात. डॉक्टरांस विचारल्यावांचून त्या कोणीं सोडूं नयेत.

राहिला पैशाचा प्रश्न. औषधी स्टेंट लाखाच्याहि वर विकला जाई. फेब्रुवारी २०१७ मध्यें केंद्राच्या औषधकिंमत प्राधिकरणानें मर्यादा घातली: साधा ७,२६० रुपये, औषधी २९,६०० रुपये, कर वेगळे. उसाच्या बिलावर वर्ष काढणाऱ्या आमच्याकडील शेतकऱ्यास पूर्वी रोगापेक्षां त्याच्या बिलाचीच धास्ती अधिक वाटे.