भाड्याचं मशीन, मीटर आणि आपल्या पतसंस्थेचे पैसे

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांचे पतसंस्थेत, बँकेत, कारखान्यात शेअर्स आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होती. बातमीदार म्हणून नाही, सभासद म्हणून गेलो होतो. (नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही.) विषय क्रमांक नऊ होता, डॅशबोर्ड सॉफ्टवेअरची कॅपॅसिटी एफ-८ वरून एफ-६४ करणे. नेहमीप्रमाणे मागच्या खुर्च्यांवरून "मंजूर, मंजूर" सुरू झालं. मी उठलो. विचारलं, "चेअरमन साहेब, हे डॅशबोर्ड बघतं कोण कोण?" सचिव म्हणाले, संचालक, शाखाधिकारी आणि हेड ऑफिस मिळून ४५ जण. "मग एवढी मोठी कॅपॅसिटी कशाला?" उत्तर आलं, "मार्चएंडला स्क्रीन अडकते. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, मोठी घ्या."

विषय महिनाभरासाठी तहकूब झाला. जेवणाच्या पंगतीत एक अण्णा म्हणाले, "पत्रकार, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" खरं होतं. म्हणून वाचायला बसलो, आणि लक्षात आलं की हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

सुरुवात अमेरिकेच्या जनगणनेपासून. १८८० च्या जनगणनेचे तक्ते हाताने करायला सात वर्षांहून जास्त लागली. १८९० ला हर्मन हॉलरिथ नावाच्या इंजिनिअरने भोकं पाडलेली कार्डं मोजणारं यंत्र आणलं. सुमारे सव्वासहा कोटी लोकांची गणती, पण एकूण लोकसंख्येचा आकडा काही आठवड्यांत हातात आला. आता धंद्याची गंमत बघा. हॉलरिथने यंत्रं विकली नाहीत, भाड्याने दिली. पुढे भाड्याच्या दरावरून त्याचं आणि जनगणना खात्याचं फाटलं. खात्याचे संचालक सायमन नॉर्थ यांनी स्वतःची यंत्रं बनवायला घेतली, आणि १९१० ची गणती त्या घरच्या यंत्रांवर झाली. पैसे भरणाऱ्याने "हे भाडं नेमकं कशाचं?" असं विचारलं, की काय होतं याचं हे पहिलं उदाहरण.

हॉलरिथची कंपनी १९११ मध्ये दुसऱ्या कंपन्यांत मिसळली आणि १९२४ मध्ये तिचं नाव झालं आयबीएम. रीत तीच राहिली. मशीन विकायचं नाही, भाड्याने द्यायचं, आणि कार्डंही आमचीच घ्या. १९३६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ही कार्डांची सक्ती बेकायदा ठरवली. १९५६ मध्ये सरकारशी झालेल्या तडजोडीत आयबीएमला मशीन विकायलाही तयार व्हावं लागलं. तरी बहुतेक गिऱ्हाइकं भाड्यावरच राहिली. महिन्याच्या भाड्यात १७६ तास बसायचे, म्हणजे रोज आठ तास, बावीस दिवस. मशीनला मीटर असायचा. त्यावर वापर गेला की जादा आकार. त्यामुळे कॉम्प्युटर सेंटरच्या साहेबाचं खरं काम होतं कुठलं काम कधी चालवायचं हे ठरवणं. पगारपत्रक रात्री, बाकीचं दिवसा. आणखी मोठं मशीन मागण्याआधी तो आधी वेळापत्रक बघायचा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडेही हे झालंय. आयबीएमची १४०१ ही मशीनं परदेशात जुनी झाल्यावर इथे डागडुजी करून भाड्याने दिली जात, आणि त्यावर बरीच टीका झाली. १९७३ चा फेरा कायदा आला. परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणा, असं सरकारने सांगितलं. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. आयबीएमने १९७८ मध्ये गाशा गुंडाळला, आणि त्या मशीनांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. गेलेल्या कंपनीची मशीनं आपल्या पोरांनी वर्षानुवर्षं चालू ठेवली. म्हणजे आतलं कळत होतं. विचारायचं कुणी नव्हतं, एवढंच.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. १९६९ पर्यंत आयबीएमचं सॉफ्टवेअर मशीनबरोबरच यायचं, त्या वर्षी त्याची वेगळी किंमत लावण्याची घोषणा झाली. "बिझनेस इंटेलिजन्स" हा शब्द आयबीएमच्याच हान्स पीटर लून यांनी १९५८ च्या एका लेखात वापरला होता, हॉवर्ड ड्रेसनर यांनी १९८९ पासून तो बाजारात रुजवला. मायक्रोसॉफ्टचं पॉवर बीआय २०१५ मध्ये आलं ते माणशी भाड्यावर, प्रो लायसन्स महिना सुमारे १० डॉलर. जेवढी माणसं, तेवढं भाडं. सरळ हिशोब.

२०१७ मध्ये पुन्हा जुनी रीत आली. प्रीमियम नावाने आख्खी कॅपॅसिटी भाड्याने, महिना ४,९९५ डॉलर, मग बघणारे कितीही असोत. १० डॉलरने भागा, ५०० येतात. पाचशेच्या खाली बघणारे असतील तर माणशी स्वस्त, वर असतील तर कॅपॅसिटी स्वस्त. २०२३ मध्ये फॅब्रिक आलं आणि मापं झाली एफ-२, एफ-४, एफ-८ अशी दुपटीने वाढत एफ-२०४८ पर्यंत. जुन्या प्रीमियमच्या पहिल्या पायरीएवढं माप म्हणजे एफ-६४. एप्रिल २०२५ पासून प्रो १४ डॉलर झालं, आणि एफ-६४ वर्षाच्या करारावर महिना साधारण ५,००० डॉलर. म्हणजे आता तो आकडा साडेतीनशेच्या आसपास.

यात एक मेख आहे. एफ-६४ आणि त्यावर असेल तरच नुसतं बघणाऱ्याला प्रो लायसन्स लागत नाही. त्याखाली कॅपॅसिटीचं भाडं द्याच, वर प्रत्येक बघणाऱ्याचं प्रोही घ्या. आमची संस्था एफ-८ वर आहे. म्हणजे दोन्हीकडून भरते आहे!

बरं, स्क्रीन अडकते का? हे आपल्या भाषेत सांगतो. कॅपॅसिटी म्हणजे विजेचा मंजूर भार. पण इथे जादा भार झाला तर फ्यूज लगेच उडत नाही. सिस्टीम पुढच्या वेळेतून उचल देते, उसतोडीला देतात तशी. डेटा रिफ्रेशसारख्या मागे चालणाऱ्या कामाचा भार ती २४ तासांवर पसरवते. उचल दहा मिनिटांच्या आत असेल तर कुणाला कळतही नाही. दहा मिनिटांच्या वर गेली की प्रत्येक क्लिक २० सेकंद थांबतं. तासाच्या वर गेली की बघणाऱ्यांची स्क्रीन नाकारली जाते. चोवीस तासांच्या वर गेली की रिफ्रेशही बंद. म्हणजे सकाळी दहाला अडकलेली स्क्रीन ही बहुतेकदा कालच्या उधारीची वसुली असते.

ही उधारी कोण करतं, ते दाखवणारं मेट्रिक्स ॲप मायक्रोसॉफ्टच देतं. पुण्याला याच कामात असलेल्या भाच्याला फोनवर घेतलं आणि सचिवांच्या परवानगीने आम्ही ते उघडलं. दहा वर्षांची सगळी खाती दर अर्ध्या तासाला मुळापासून पुन्हा भरली जात होती. दिवसाला ४८ वेळा. आणि आपल्या पतसंस्थेचा डे-एंड होतो किती वेळा? एकदा. चोवीस तास तोच आकडा दळायचा, आणि त्याचं भाडं सभासदांनी भरायचं.

नुसत्या प्रो लायसन्सवर दिवसाला आठ रिफ्रेश मिळतात आणि एका मॉडेलला १ जीबीची मर्यादा आहे. आमचं मॉडेल त्याच्या आत बसतं. आठ रिफ्रेश डे-एंडच्या आकड्यांना पुरून उरतात.

आता हिशोब. अमेरिकेतल्या यादीचे दर आणि डॉलर ८५ रुपये धरतो, तुमच्या कोटेशनमध्ये फरक पडेल. ४५ प्रो म्हणजे ६३० डॉलर, महिना साडेत्रेपन्न हजार रुपये. आजची एफ-८ रोजच्या दराने, अधिक प्रो, मिळून सुमारे एक लाख त्रेचाळीस हजार. एफ-६४ वर्षाच्या करारावर सव्वाचार लाख, करार न करता सात लाखांच्या वर. जीएसटी वेगळा. सव्वाचार आणि साडेत्रेपन्न हजार यातला फरक वर्षाला चव्वेचाळीस लाखांच्या पुढे जातो. हा पैसा कुणाचा? लाभांशाची वाट बघणाऱ्या दूधवाल्याचा, शिक्षिकेचा, निवृत्त कंडक्टरचा.

कॅपॅसिटी कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. बघणारे पाचशे-हजार असतील, मॉडेल मोठं असेल, तर ती घ्यावीच लागेल. पण आधी ६० दिवसांचं ट्रायल घ्या, त्यात मार्चएंडसारखा एक गर्दीचा काळ येऊ द्या, मोजा, मग माप ठरवा. वर्षाचा करार स्वस्त पडतो, पण मध्ये बंद ठेवून पैसे वाचत नाहीत, हेही विचारून घ्या. आणि मोठं मशीन मागण्याआधी त्या जुन्या कॉम्प्युटर सेंटरच्या साहेबासारखं वेळापत्रक बघा.

सचिव माणूस सरळ आहे. सगळं बघून एवढंच म्हणाले, "दादा, आम्हाला कुणी हे सांगितलंच नव्हतं." मी म्हटलं, "आपण विचारलंही नव्हतं." रिफ्रेश रात्री नेऊन महिनाभर बघायचं ठरलंय. पुढच्या सभेत काय होतं ते लिहीनच.

तोवर तुमच्या संस्थेच्या अहवालात "सॉफ्टवेअर भाडे" ही ओळ शोधा, आणि सभेत फक्त तीन गोष्टी विचारा. बघणारे किती? दिवसाला आकडे बदलतात किती वेळा? आणि अडकतं तेव्हा नेमकं काय चालू असतं? "मंजूर" म्हणायला नंतर वेळ आहेच.

चुकलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, दुरुस्त करीन.