वाटाण्याच्या अंकुरापासून सिद्धेश्वर तलावापर्यंत

टाइम-लॅप्स चित्रणात कॅमेरा एका जागी पक्का बसवून ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली जाते आणि नंतर त्या चौकटी वेगाने सलग दाखवल्या जातात. महिनाभराची वाढ डोळ्यांसमोर क्षणांत उलगडते. कृती ऐकायला सोपी वाटते. खरी कसोटी लागते ती चित्रण चालू असताना बदलणारा प्रकाश सांभाळताना. कॅमेऱ्याला हात लावला तर चौकट हलते, न लावला तर चित्र काळवंडते किंवा पांढरे पडते. या तंत्राचा सव्वाशे वर्षांचा इतिहास बव्हंशी याच अडचणीभोवती फिरतो.

न्यूयॉर्कमधले स्टार थिएटर १९०१ मध्ये पाडले गेले, तेव्हा समोर बसवलेल्या कॅमेऱ्याने दर चार मिनिटांनी एक चौकट, दिवसाचे आठ तास, असे ते काम टिपले. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ याने १९१० मध्ये ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ या चित्रपटात फुले उमलताना दाखवली. रात्री कॅमेऱ्यातली फिल्म बदलायची वेळ आली की आपल्याला जाग यावी म्हणून त्याने घरभर घंटा बसवल्या होत्या. दुसऱ्या खोलीत असूनही कॅमेऱ्याची खबर ठेवण्याचा हा सुरुवातीच्या काळातला एक उत्तम प्रयत्न म्हणावा लागेल.

मराठी मुलखात हे तंत्र आले ते दादासाहेब फाळके यांच्यामुळे, आणि तेही त्यांचा पहिला कथापट तयार होण्याआधी. १९१२ च्या सुरुवातीला फाळके लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटनिर्मितीचे काम त्यांनी पाहिले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा खरेदी करून एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले. हाती यंत्र होते, पण भांडवल नव्हते. पैसे देऊ शकणाऱ्यांना चित्रपट म्हणजे काय ते प्रत्यक्ष दाखवणे भाग होते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून अधिक काळ रोपाची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाची ही फिल्म मिनिटाहून थोडी अधिक लांबीची होती. ती निवडक मंडळींना दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी कर्ज देऊ केले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, त्यामागे या रोपाचा मोठा वाटा आहे.

फाळके दिवसाला एकच चौकट घेत, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. साधा हिशेब मात्र त्याच्या आड येतो. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चौकटी दाखवल्या जात, म्हणजे एका मिनिटाला ९६०. महिन्याभरात रोज एक याप्रमाणे जेमतेम दोन सेकंदांचा ऐवज झाला असता. मिनिटभराची फिल्म हवी तर दिवसाला सरासरी तीसेक चौकटी लागतात. तेव्हा लोकप्रिय कथेपेक्षा फाळक्यांची चिकाटी कितीतरी मोठी असली पाहिजे. कॅमेरा हाताने फिरवायचा होता. अशा कॅमेऱ्यात एकेक चौकट घेताना हाताचा वेग कमीजास्त झाला की फिल्मवर पडणारा प्रकाशही कमीजास्त होतो आणि पडद्यावर चित्र लुकलुकते. फ्लिकर नावाचा हा दोष आजही या कलेचा मोठा वैरी आहे.

पुढे विजेच्या मोटारी आणि ठरल्या वेळी शटर दाबणारी इंटरव्हॅलोमीटर यंत्रे आली. डिजिटल काळात ही सोय कॅमेऱ्यातच मिळू लागली. २००५ च्या निकॉन डी२०० मध्ये ती होती. वेळ यंत्राने सांभाळली, तरी प्रकाशाचा प्रश्न उरलाच. यूएसबी केबलने कॅमेरा लॅपटॉपला जोडून शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ बदलता येऊ लागले, तेव्हा त्यावर उत्तर सापडले. २०१२ च्या कॅनन ईओएस ६डी सारख्या कॅमेऱ्यांत वाय-फाय आले आणि तेच काम फोनवरून होऊ लागले. दोन चौकटींमधल्या मोकळ्या सेकंदांत बदल करायचा आणि ट्रायपॉडला बोटही लावायचे नाही, ही त्यातली मुख्य शिस्त.

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी या शिस्तीची परीक्षा होते. पाण्यातले मंदिर, शेजारी भुईकोट किल्ला आणि मावळतीचा उजेड अशी चौकट लावली, तर सूर्यास्ताच्या सुमारास एफ/५.६ अ‍ॅपर्चर, १/१२५ सेकंद शटर आणि १०० आयएसओ पुरते. दिवे लागून अंधार पडेपर्यंत शटर चार सेकंदांवर आणि आयएसओ ४०० वर न्यावा लागतो. म्हणजे पाऊण-एक तासात प्रकाश सुमारे दोन हजार पटींनी घटतो. छायाचित्रणाच्या भाषेत हे अकरा स्टॉप झाले; एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. एक तृतीयांश स्टॉपच्या पायरीने गेले तर तेहतीस वेळा बदल, जवळपास दर दीड मिनिटाला एक. एकदम मोठी उडी घेतली की पडद्यावर झटका दिसतो. अ‍ॅपर्चरला शक्यतो हात लावू नये. त्याची पाती प्रत्येक वेळी तंतोतंत त्याच जागी थांबत नाहीत. दर आठ सेकंदांना एक चौकट धरली तर पन्नास मिनिटांत ३७५ चौकटी मिळतात, आणि सेकंदाला २५ च्या वेगाने त्यांची १५ सेकंदांची फिल्म होते.

संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत कसोटी आणखी कडक होते. होम मैदानावर शोभेचे दारूकाम सुरू झाले की प्रत्येक लखलखाटाला कॅमेऱ्याचे स्वयंचलित मापन फसते आणि पुढच्या चौकटी गडद निघतात. तिथे दूर बसलेल्या माणसाने नियंत्रण आपल्याकडे घेऊन आकडे स्थिर ठेवावे लागतात.

ठरावीक अंतराने तेच आकाश पुन्हा पुन्हा टिपण्याचे तत्त्व सोलापुरात विज्ञानाच्याही कामी आले आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत या पर्जन्यछायेच्या भागात कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. त्यात रडारने ढगांचा वारंवार वेध घेतला. ढग कसा उभा राहतो आणि कसा विरतो, हे अशा चित्रांच्या क्रमातूनच कळते.

छायाचित्रकारापुरते पाहिले तर फोनची सोय मोठी, पण तिला मर्यादा आहे. कॅमेऱ्याच्या वाय-फायचा पल्ला मुळातच तोकडा असतो आणि हजारो फोन एकवटलेल्या गर्दीत तो आणखी घटतो; शिवाय बॅटरीही लवकर उतरते. म्हणून तलावाच्या शांत काठावर फोन पुरेसा असला, तरी गड्ड्याच्या दिवसांत यूएसबी केबल आणि जोडीला बाहेरची बॅटरी हाच भरवशाचा मार्ग आहे.